फॉरेनची पार्टी

पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावात चहाला टेका आणि बोलता बोलता जमिनीचा विषय काढा. बाजूच्या टेबलावरून जमिनीचा दलाल खुर्चीसकट सरकत येईल. पांढरा कडक शर्ट, हातात दोन मोबाइल, काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलीत एक-चौदाच्या उताऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, इतकी फिकी की सर्व्हे नंबर त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "बाब, जागा एक नंबर आहे, पण फॉरेनची पार्टी मागे लागलीय."

ही पार्टी गावात कुणीही पाहिलेली नाही. सोमवारी ती रशियन असते, गुरुवारी इस्रायली. तुम्ही भाव पाडून मागितलात की नेमका तिचा फोन येतो. मग हा उठून माडाखाली जातो आणि रस्त्यापलीकडच्या बारमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "येस येस, क्लिअर टायटल, नो टेन्शन!" परत येतो तेव्हा चौरस मीटरला हजार रुपये वाढलेले असतात.

आता एक बारीक अडचण. भारतीय वंशाचा नसलेला, परदेशात राहणारा परदेशी माणूस फेमा कायद्यानुसार इथे जमीन विकत घेऊच शकत नाही. पाच वर्षांपर्यंत भाडेपट्टा करा म्हणतो कायदा, त्यापुढे रिझर्व्ह बँकेला विचारा. हे त्याला ठाऊक नाही असं समजू नका. फेमा त्याला तोंडपाठ आहे, फक्त त्याची टीका वेगळी आहे. "182 दिवसांच्या वर राहिला की इथलाच झाला!" टुरिस्ट व्हिसावर कितीही दिवस राहिलं तरी ते त्यात धरत नाहीत, हे सांगितलं की तो कंपनीवर येतो. "कंपनी काढायची, धंदा दाखवायचा!" याच युक्त्यांनी इथे घरं-जमिनी घेतलेल्या कितीतरी परदेशी लोकांच्या मागे पुढे ईडीची चौकशी लागली. तेवढा भाग तो चहाच्या घोटाबरोबर गिळतो.

त्याचा खरा सुवर्णकाळ मोरजीचा. चार्टर विमानं भरून रशियन उतरत होते, हॉटेलांच्या पाट्या रशियन लिपीत लागल्या होत्या, तेव्हा त्याला बांगड्याच्या आधी रुबलचा भाव कळायचा. 2014 च्या अखेरीला रुबल कोसळला आणि निम्मी मोरजी रिकामी झाल्यासारखी वाटली. दुसरा कुणी खचला असता. याने पार्टी बदलली. मोपाचा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याची पार्टी 'लँड होतेय'. अजून होतेच आहे.

मोठ्या अर्थकारणातही त्याला गती आहे. सरकारने 2005 मध्ये बांधकाम-विकासात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला थेट वाट दिली. त्यातले 'शंभर टक्के' एवढेच शब्द त्याच्या कानी पडले. ब्लॅकस्टोन या अमेरिकी फंडाचं नाव तो मेहुण्याचं घ्यावं तसं घेतो. त्या पैशाला बंगळूर, पुणे, हैदराबादची ऑफिसं लागतात, महिन्याला भाडं देणारे आयटीवाले लागतात. वाटणीत अडकलेलं सोळा माडांचं भाट कुठला फंड घेणार? आणि नुसती जमीन घ्यायची, भाव चढला की विकायची, या धंद्याला परकीय पैशाला मुळात परवानगीच नाही.

पण त्याला अगदीच खोटारडा म्हणणं अन्यायाचं होईल, कारण व्यवहारात फॉरेनची पार्टी असते. ती विकणाऱ्याच्या बाजूला असते. टोकन देऊन झालं की हा हळूच सांगतो, "एक सही राहिलीय. स्विंडनला आहे." भाटकाराचा पुतण्या पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांच्या जोरावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेला, तिथल्या गोदामात रात्रपाळी करतो. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक, म्हणून त्याच्या बायकोचीही सही हवी. ती लिस्बनला. दोघं बोलत नाहीत. शिवाय विकणारा अनिवासी, म्हणून घेणाऱ्याने कापायचा टीडीएसही नेहमीचा एक टक्का राहत नाही. घेणारा असतो गुरुग्रामचा. गोव्यात निवांत राहायला आलेला हा गृहस्थ वर्षभर मामलेदार कचेरीत निवांत बसतो.

तेव्हा त्याने पुन्हा फॉरेनच्या पार्टीचं नाव काढलं, तर घाबरून टोकन देऊ नका. उताऱ्यावरची सगळी नावं वाचून घ्या, त्यातलं कोण कुठल्या देशात आहे ते विचारा, आणि वकील स्वतःचा करा. तो देईल तो वकील त्याचा भाचा असतो.