आबांचे राहात्याचे सोयरे

टीव्हीवरची माणसं नट असतात, हे अण्णांना मान्य आहे. अपवाद फक्त आबा टिपऱ्यांचा.

2001 साली अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही आबांची मालिका सुरू झाली आणि राहात्यातली त्यांची पेरूची बाग मालिकेच्या घड्याळावर चालू लागली. लाईट गेली की वायरमनला फोन जायचा, तो मोटारीसाठी नव्हे, आबांसाठी. 1987 मध्ये ‘रामायण’ लागलं की टीव्हीला हार घालणारे लोक होतेच. अण्णा त्यांचेच वारसदार. त्यांना पडद्यात देव दिसला, अण्णांना सोयरा.

भाच्यानं पुण्याहून दिलीप प्रभावळकरांचं ‘एका खेळियाने’ आणून दिलं, तेव्हा अण्णांनी मुखपृष्ठ उलटंसुलटं पाहिलं. “यावर टिपरे कुठंय?” भाचा म्हणाला, मामा, प्रभावळकर म्हणजेच आबा, मालिकासुद्धा त्यांच्याच ‘अनुदिनी’वरून झाली. अण्णा खुलले. “म्हंजे आबा रोज डायरी लिहायचे, ती छापली म्हण की!”

एकेक भूमिका कशी उभी राहिली, हे सांगणारं ते पुस्तक. अण्णांनी मात्र पेरूची प्रतवारी करावी तसं ते वाचायला घेतलं. आबांचा वास येईल ते पान वर, बाकी सगळा बारीक माल. आबांच्या घरातल्या शिऱ्याचं पुढं काय झालं, शलाका नांदते ना नीट, शेखर-श्यामल आबांना वेळेवर चहा देतात की नाही, यातलं काहीच मिळेना. ‘हसवाफसवी’त या माणसानं सहा भूमिका केल्याचं कळल्यावर त्यांना घरच्यांची काळजी लागली. “रात्री दार वाजलं तर नेमकं कोण आलंय, हे कळायचं कसं?”

खरा घोळ घातला तात्या विंचूनं. ‘झपाटलेला’ पाहून अण्णांचं धाकटं पोर महिनाभर बाहुलीला घाबरत होतं. तो तात्या विंचू म्हणजे आपले आबा? अण्णा दोन दिवस पुस्तकाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीत सालं मांडून बसले आणि त्यांना उलगडा झाला. 1991, ‘चौकट राजा’: नंदू. किती निर्मळ मन! 1993, तात्या विंचू: मुंबईत संगत बिघडली. 2001, आबा: वयानं शहाणपण आलं. आणि 2006 मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’त थेट गांधीजी! “माणूस सुधारतो,” अण्णा पारावर सांगू लागले, “फक्त धीर धरावा लागतो.”

काकूंना राहवेना. “आवो, सोंग असतंय ते!”

“सोंग एका रात्रीचं असतं. आबा तर इतके दिवस घरी येत होते.”

नटाला याहून मोठी पावती कोण देणार? समीक्षक अभिनय पाहून वाखाणतात. अण्णांना अभिनय दिसलाच नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्र लिहिलं. पुस्तकाबद्दल एक ओळ: ‘अक्षर बारीक आहे.’ मग शिऱ्यासाठी पाहण्यातली दोन स्थळं, शेतीसकट. शेवटी आमंत्रण: ‘शिर्डीला दर्शनाला याल तेव्हा जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आम्ही आहोत. सगळे लोक नगर-मनमाड रस्त्यानं राहात्यावरून नुसते निघून जातात. पण खुद्द साईबाबा शिर्डी सोडून कुठं जात असतील, तर नीमगावला नाहीतर आमच्या राहात्याला. बाबा येत होते, तर आबांना काय हरकत आहे? मृग बहाराचे पेरू काढून ठेवतो.’

पाकिटावर पत्ता घातला: ‘श्रीयुत आबा टिपरे, मुंबई.’

“अण्णा, असं कसं पोचायचं?” मी विचारलं.

“का बरं? पोस्टमनकडं टीव्ही नाही का?”