पारा उतरतोय!

कोजागिरीचं दूध निवायच्या आत आमच्या नानांच्या घरात हिवाळा सुरू होतो. पुण्यात तो यायला अजून महिनाभर असतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन टाळू तापवत असतं आणि नाना स्टुलावर चढून माळ्यावरच्या रजया ओढत असतात. "थंडी सांगून येत नाही रे," स्टूल धरून उभ्या असलेल्या मला ते बजावतात. खरं तर पुण्याची थंडी चांगली पेपरात छापून येते. कधी कधी तर नुसती छापूनच येते.

असे नाना प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. निवृत्त, नीटनेटके, आणि ऋतू वेळेवर कामाला लागतात की नाही यावर नजर ठेवणारे. आमच्या नानांचा मुद्दा मुळात अभिमानाचा आहे. १७ जानेवारी १९३५ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. तेव्हा नानांच्या आईवडिलांचं लग्नही ठरलं नव्हतं, पण तो आकडा ते घराण्याची सनद दाखवावी तसा दाखवतात. पेपरात निफाडचा आकडा पुण्याच्या खाली दिसला की त्यांचा चहा कडू होतो. मग पाषाणचा आधार घ्यावा लागतो. मगरपट्टा हा भाग त्यांच्या लेखी पुण्यात नाहीच, कारण तिथे पारा उतरायला फार आढेवेढे घेतो. "हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ला सिमल्याहून इथं आणलं. उगाच आणलं का?" यावर कोण काय बोलणार? ते पुढे दिल्लीला गेलं, हे नानांना सांगायचं नसतं.

त्यांच्याकडे तापमापक आहे, पण विश्वास खोबरेलाच्या बाटलीवर. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. रोज पहाटे नाना कानटोपी घालून बाटली ट्यूबलाइटसमोर तिरकी धरतात. तळाशी पांढरट साका दिसला की चेहरा खुलतो. "नाना, २४वर तर लोक एसी लावतात," मी एकदा म्हणालो. त्यांनी बाटली माझ्यापासून लांब नेली. माझ्या श्वासाने वितळेल म्हणून.

रजयांना चार दिवस गच्चीवर ऊन दाखवलं जातं, त्या चार दिवसांत बाकीच्या बिऱ्हाडांचे कपडे घरात वाळतात आणि जिन्यात डांबरगोळ्यांचा वास राहायला येतो. स्वेटर रस्त्याकडेच्या तिबेटी बाईंकडूनच. विकणाऱ्या बाई सुती कपड्यांत वारा घेत बसलेल्या आणि विकत घेणारे नाना दुपारी बारा वाजता गळ्यापर्यंत बटणं लावून बघतायत, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलंय. काकू डिंकाचे लाडू करतात. ते मात्र उत्तम असतात, म्हणून मी स्टूल धरायला जातो.

गेल्या वर्षी नानांनी खिडक्या हाती घेतल्या. हॉलला सरकत्या काचांची मोठी खिडकी आहे. उदबत्ती पेटवून त्यांनी चौकटीभोवती आरती ओवाळल्यासारखी फिरवली. धूर जिथे हलला तिथे खडूची खूण केली. फटींत जुन्या बनियनच्या पट्ट्या कोंबल्या. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला त्यांना तीन भोकं सापडली. "बघ! इथून शिरते!" भोकं थंडीसाठी नव्हती. पट्टीत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. मी तसं म्हणालोही. "पाऊस संपला," नानांनी जाहीर केलं, आणि एम-सीलच्या तीन गोळ्या मळून तिन्ही भोकं बुजवली. अंगठ्याने वरून गुळगुळीत केली. काम सुबक होतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अवकाळी आला. रात्री साडेअकराला काकूंची हाक आली म्हणून गेलो, तर पट्टी काठोकाठ भरून पाणी हॉलमध्ये उतरत होतं आणि उन्हं खाल्लेली एक रजई ते पिऊन सोफ्याखाली पसरली होती. नाना स्वेटरात, गुडघ्यांवर, स्क्रू-ड्रायव्हरने एम-सील कोरत होते. एम-सील निघत नव्हतं. ते पाण्यावर चिडलेच नव्हते. "ढग आले की रात्रीचा पारा चढतो," ते कळवळून म्हणाले. "जमिनीची ऊब वर जातच नाही. आकाश रजई पांघरून बसतं."

"त्याची तरी कोरडी आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी फरशी पुसली आणि वाळायला पंखा पाचवर केला.

नानांनी कानटोपी खाली ओढली, हात बगलेत घातले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"बघ," मला म्हणाले, "वाढली की नाही?"