घरघर

एखाद्याला घरघर लागली म्हटलं की आपण नातेवाइकांना कळवायला घेतो. आमच्या संगणकाला घरघर लागून सहा वर्षं झाली होती आणि तो जायचं नाव घेत नव्हता. उलट दर उन्हाळ्यात त्याचा आवाज जास्तच खणखणीत व्हायचा.

मी सांगलीत घरबसल्या डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, कवितासंग्रह (कवी पैसे आगाऊ देतात, हा त्यांचा गुण कोणी लिहीत नाही) आणि श्रावणापासून पुढे दिवाळी अंक. आजोबांच्या सागवानी टेबलावर तो काळा डबा ठेवलेला. आम्ही त्याला सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतली एक चिप, चतकोर बिस्किटाएवढी, हे मला माहीत आहे. पण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायची आपली रीत आहे, त्यातलंच हे.

सकाळी बटण दाबलं की तो आधी खाकरायचा. मग आतले सगळे पंखे एकदम पूर्ण वेगानं सुटायचे, दोन-तीन सेकंदांत भानावर यायचे आणि एक सलग घर्र सुरू व्हायची, ती रात्री निजेपर्यंत. तिच्यात मधूनमधून हार्ड डिस्कची करकर. फडताळात उंदीर कच्चे पोहे खातोय असं वाटावं.

गंमत म्हणजे मला स्वतःला हे काहीच ऐकू येत नसे. घरी आलेला माणूस दोन वाक्यांनंतर वरच्या पट्टीत बोलायला लागायचा आणि मला वाटायचं, आमच्याकडची माणसंच मुळात मोठ्यानं बोलतात.

उलगडा झाला तो मे महिन्यातल्या एका संध्याकाळी. वळवाचं वारं सुटलं आणि वीज गेली. टेबलाखाली यूपीएस रडायला लागला. मी घाईघाईनं काम सेव्ह केलं, संगणक बंद केला, यूपीएसचंही तोंड मिटलं. आणि घाट उतरून आल्यावर कानांचे दडे सुटावेत तसं झालं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. खाली कोणीतरी पातेलं घासत होतं, ते ऐकू आलं. स्वयंपाकघरातून बायको नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "गेली का?" आणि मी "काय?" असं न विचारता थेट "हो, गेली" म्हणालो. ती हातातलं काम टाकून बाहेर आली, माझ्याकडे जरा बघितलं आणि परत आत गेली.

वीज आल्यावर मी फोनवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. माझ्या खुर्चीत ४७ डेसिबल. फोनच्या मापावर कोणी तराजू जोखणार नाही, पण आकडा मिळाला की माणसाला चेव येतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तो नियम घराबाहेरच्या आवाजाचा, संगणकाला लागू नाही, हे मलाही कळतं. तरी गणपतीत डॉल्बीविरुद्धच्या अर्जावर दरवर्षी पहिली सही माझी असते. त्या अर्जदाराच्या घरात रात्री बारा वाजता ४७ हे काही बरं दिसत नव्हतं.

बायको म्हणाली, "आणि डोक्यावरचा पंखा?"

हा मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडे छताचा पंखा पाचवर असल्याशिवाय कोणाला झोप लागत नाही. डिसेंबरातसुद्धा आवाजासाठी पंखा आणि थंडीसाठी गोधडी असा दुहेरी बंदोबस्त असतो. मग माणसाला खुपतो तो नेमका कुठला आवाज?

याचं उत्तर मला मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या गृहस्थांनी दिलं. ते व्हिजिटिंग कार्ड छापायला आले होते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली ही मंडळी. पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवतात, त्यासाठीचे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात. मी मजकूर लावत होतो आणि ते डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, उन्हातून आलेत, डुलकी लागली असेल. तर ते हळूच गुणगुणायला लागले.

"काळी पाचच्या वर हाय, पण पांढरी सातला पोचत न्हाई," ते म्हणाले. "मधीच लटकलंय. म्हणून डोकं दुखतंय बघा."

ते गेल्यावर मी हिशेब मांडला. माझी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. खर्जातली काळी पाच सुमारे साडेसोळा वर शंभर, पांढरी सात साडेतेवीस वर शंभर. एकशेवीस बरोबर मधोमध. सहा वर्षं मी एका बेसूर तंबोऱ्यासमोर बसून लोकांच्या मंगलाष्टकांचं प्रूफ तपासत होतो.

जाण्याआधी त्यांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. आत रिकामे खण, वर सागाची फळी. "भोपळ्यावर ठिवलंय की ओ तुम्ही ह्येला!" तारेचा आवाज मुळात एवढासाच असतो, भोपळा तो घर भरून टाकतो. डिस्कची थरथर डब्याच्या पत्र्यातून फळीत आणि फळीतून खणांत उतरत होती. मग त्यांनी डब्याच्या बाजूच्या पत्र्यावर बोट टेकवलं, तसा एक झणझणाट थांबला. तो वेगळा आवाज आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. "दोरा आना जरा." बायकोच्या शिवणाच्या डब्यातला सुती दोरा त्यांनी दुहेरी करून पत्रा आणि सांगाडा यांच्या फटीत सरकवला. तंबोऱ्यात तारेखाली दोरा घालून जवारी आणायची आणि इथे दोरा घालून घालवायची, या गोष्टीचं त्यांनाच जास्त हसू आलं. कार्डाचे पैसे मी घेतले नाहीत, त्यांनी ते टेबलावर ठेवले, शेवटी निम्म्यावर तडजोड झाली.

त्याच रात्री मी जुनी रबरी चप्पल कापून चार तुकडे डब्याच्या पायाखाली दिले. आई म्हणाली, "विद्येच्या वस्तूला पायताण?" मी म्हणालो, पायातच तर घातलंय. टेबल गप्प झालं.

पुढची पायरी म्हणजे धूळ. डबा उघडला तर चिपेवरच्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांमध्ये धुळीची अख्खी गोधडी बसलेली. उष्णता बाहेर पडायला वाट नाही, म्हणून चिप तापते, चिप तापली म्हणून पंखा जोरात पळतो, जोरात पळतो म्हणून आणखी धूळ ओढतो. ही धूळ किंचित पिवळसर होती. हळदीची पेठ असलेल्या गावात हे शोभूनच दिसतं, असं माझं म्हणणं. घरात कोणालाही ती पिवळी दिसली नाही. शेजाऱ्यांचा ब्लोअर मागून आणला आणि घरात घाण नको म्हणून शहाणपणानं डबा गच्चीवर नेला. वेळ सकाळी दहाची, महिना मे. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जुन्या धोतरावर आईच्या कुरडया वाळत होत्या. नुकत्याच घातलेल्या, ओल्या. वाऱ्याची दिशा मी पाहिली नव्हती.

या प्रसंगावर आमच्याकडे अजून बोलणं होतं, म्हणून मी इथे आटोपतं घेतो. त्या वर्षी कुरडया दोनदा झाल्या एवढंच.

धूळ गेली, आवाज थोडा उतरला, पण मागचा पंखा मात्र कण्हत राहिला. दुरुस्तीवाला फोनवरून आवाज ऐकूनच म्हणाला, "बुश गेलंय." त्याच्या सांगण्यावरून पंख्याच्या पोटावरचं स्टिकर अर्धं सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. तीन आठवडे तो अगदी निमूट होता. नंतर पुन्हा सुरू झाला, आणि आता जरा चिडूनच.

मग मात्र मी या विषयाचा अभ्यास केला. फार खोल नाही, बायकोला ऐकवता येईल एवढा. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं पडतो. आणि १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणजे वाऱ्यात सोसावं लागतं त्याहून शांततेत जास्त मिळतं. शिवाय पंखा मोठा घेतला तर कमी वेगातही वारा पुरतो. माझा जुना पंखा ८० मिलिमीटरचा, मिनिटाला २४०० फेऱ्या मारणारा. लहान चणीची माणसं तरातरा चालतात, तसा. त्याच्या जागी १२० मिलिमीटरचा घेतला, तो हजारात भागवतो. छताचा पंखा का खुपत नाही तेही इथेच कळलं. अठ्ठेचाळीस इंची देह आणि पाचवर ठेवला तरी मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्या. हत्ती कान हलवतो त्याचा कोणी आवाज मोजत नाही.

अभ्यासात एक गोष्ट मात्र मन खट्टू करणारी होती. दोन पंखे सारखाच आवाज करत असतील आणि त्यातला एक साफ बंद केला, तर आवाज फक्त ३ डेसिबलनं कमी होतो. कानाला ते जेमतेम जाणवतं. घरात दोघांचं भांडण चाललेलं असताना एकानं समजूतदारपणे गप्प बसावं आणि शेजाऱ्यांना काहीच फरक कळू नये, तसं. ठरवलं तर सगळ्यांनाच गप्प करावं लागतं.

स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज मुळीच खपत नसे. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश बिनपंख्याचा होता, त्याआधी १९८० चा ॲपल थ्रीही. त्या ॲपल थ्रीच्या चिपा जागच्या सैल व्हायच्या, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा, म्हणजे बसतील, असा सल्ला गिऱ्हाइकांना दिला गेला, असं सांगतात. हे वाचून मला फार बरं वाटलं. दूरदर्शनवर मुंग्या आल्या की वडील टीव्हीच्या डोक्यात चापट मारायचे, ती विद्या तर जागतिक दर्जाची निघाली.

शेवटी हार्ड डिस्क गेली आणि एसएसडी आली. हिच्यात फिरणारं काहीच नाही. पोहे खाणारा उंदीर गेला. बायोसमध्ये शिरून पंख्याचा वेग आणखी खाली आणला, सहाशेच्या आसपास. एका रविवारी रात्री बटण दाबलं आणि मला कळेना, सुरू झालाय की नाही. फोन म्हणाला, ३१. त्यातले बरेचसे फ्रिजचे होते.

चार दिवस मी मोठा खुशीत होतो. पाचव्या दिवशी एक कवी दारातूनच म्हणाले, "आज मशीन बंद वाटतं? असू दे, उद्या येतो," आणि आगाऊ रक्कम खिशात घेऊन परत गेले. त्याच दुपारी स्वयंपाकघरातून बायकोचं फोनवरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. अशा गोष्टी मला पूर्वी ऐकू येत नसत आणि आमचं बरं चाललं होतं. ती बहिणीला सांगत होती, "अगं, आता आवाजच येत नाही ना, त्यामुळे कळतं की नुसतेच बसलेत. आधी मला वाटायचं, दिवसभर काम चालतं."

आणि आई. आईची खोली माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे. एकदा सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, "रात्री कुठे गेला होतास रे?"

"कुठे नाही. एकपर्यंत अहवाल लावत होतो."

"मग आवाज नाही आला तो."

ती आठवडाभर रात्री उठून दाराची कडी बघून येत होती, हे बायकोला माहीत होतं, मला नव्हतं. सहा वर्षं भिंतीपलीकडे घरघर चालू आहे म्हणजे मी घरात आहे, असा तिचा हिशेब. ती थांबली की मी निजलो, आणि मग ती निजायची. मी तिला एसएसडी समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या रात्रीही कडी बघितली.

पंखा आता नऊशेवर ठेवलाय. बायकोला सांगितलंय की उन्हाळा आहे, चिप तापते. फोन ३७ दाखवतो.