मी तुम्हाला विचारलं नव्हतं

नवव्या बेमधल्या गृहस्थांना,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. ती आज मोडते आहे, कारण तुमच्याविषयी मला प्रेम वाटत नाही आणि या पत्रात खोटं काही लिहायचं नाही.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. ओळख पटावी म्हणून एवढंच सांगते: पावसाळ्याचे शेवटचे दिवस, पुण्यातली गोल्फची एक ड्रायव्हिंग रेंज, रविवारची सकाळ, सव्वासात. तुम्ही नवव्या बेमध्ये, पांढरी टोपी, हातात नवाकोरा ड्रायव्हर. मी चौथ्या बेमध्ये. आपल्या दोघांच्या मध्ये चार जण सराव करत होते. त्यातल्या दोघांचे चेंडू माझ्यापेक्षा वाईट जात होते. ते पुरुष होते. त्यांना ओलांडून तुम्ही माझ्याकडे आलात.

माझ्या बकेटमध्ये पन्नास चेंडू होते आणि कोचनं दिलेला गृहपाठ होता. एक चेंडू नाइन आयर्ननं, पुढचा सेव्हन आयर्ननं, दर वेळी वेगळं लक्ष्य. तेरा चेंडू ठीक गेले. चौदावा उजवीकडे जवळजवळ काटकोनात सुटला आणि बाजूच्या जाळीवर आदळला. पंधरावाही तसाच. याला शँक म्हणतात. गोल्फ खेळणारे हा शब्द सहसा मोठ्यानं उच्चारत नाहीत, रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात ना, तसं. क्लबचं पातं जिथे दांड्याला जोडलेलं असतं, त्या गोल गळ्यावर चेंडू लागतो आणि भलतीकडे उडतो. पात्याचा मध्य आणि हा गळा यांत अंतर असतं तीन-चार सेंटिमीटरचं. चांगला फटका आणि लाजिरवाणा फटका एकमेकांच्या इतके शेजारी राहतात. खाली येताना हात अंगापासून जरा पुढे गेले किंवा वजन पायाच्या चवड्यांवर गेलं, की शँक होतो. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही तो झालेला आहे. त्या सकाळी मी एक मिनिट थांबले असते, पाणी प्यायले असते आणि सोळावा चेंडू मारला असता.

तुम्ही ते मिनिट मला दिलं नाहीत.

“मॅडम, डोकं वर येतंय,” तुम्ही म्हणालात. मी डोकं खाली गाडून धरलं. पुन्हा शँक. “थोडं जवळ उभ्या राहा.” मी जवळ सरकले. पुन्हा शँक. “वजन पुढे, चवड्यांवर घ्या. डावा हात ताठ.” मी तेही केलं. आता नीट ऐका, कारण हे तुम्हाला कधी कुणी सांगितलेलं दिसत नाही. चेंडूच्या जवळ उभं राहिलं की तो आपसूक क्लबच्या गळ्याकडे सरकतो. वजन चवड्यांवर आलं की सगळं अंग पुढे झुकतं आणि हातही पुढे जातात. ज्या दोन गोष्टींमुळे शँक होतो, त्याच दोन तुम्ही मला औषध म्हणून दिल्यात. चेंडू उजवीकडे जात राहिले तसा तुमच्या आवाजातला आत्मविश्वास वाढत गेला आणि माझा संपत गेला. शेवटी तुम्ही माझ्या हातातून क्लब काढून घेतलात आणि “हे बघा असं” म्हणून एक चेंडू मारून दाखवलात. तो सरळ गेला. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. शिकवल्याचं समाधान तसं दिसत नाही. माझा कोच रोज शिकवतो, म्हणून त्यातला फरक मला कळतो.

डोक्याबद्दलही बोलू या, कारण ‘डोकं खाली ठेवा’ हे वाक्य रेंजवर प्रत्येकाच्या तोंडी असतं. आनिका सोरेनस्टॅमचं डोकं चेंडूला क्लब लागायच्या वेळीच लक्ष्याकडे वळू लागलेलं असे. डेव्हिड ड्यूव्हलचंही तसंच. ड्यूव्हलनं 1999 मध्ये आणि सोरेनस्टॅमनं 2001 मध्ये 59 फटक्यांची फेरी खेळली. पुढे 2001 मध्येच ड्यूव्हलनं ब्रिटिश ओपन जिंकली. सोरेनस्टॅमच्या नावावर महिलांच्या एलपीजीए टूरवरची 72 विजेतेपदं आहेत. हे दोघं त्या रविवारी चौथ्या बेमध्ये उभे असते, तर तुम्ही त्यांनाही डोकं खाली घालायला लावलं असतं.

जिम फ्युरिकचा स्विंग तर तुम्हाला बघवलाच नसता. वर जाताना एक वाट, खाली येताना दुसरीच. त्याला वडिलांशिवाय कुणी कोच नव्हता. त्या एका शिक्षकाच्या भरवशावर त्यानं 2003 ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेत 58 फटक्यांची फेरी खेळली. त्याच्या जागी मी असते, तर नवव्या बेमधून कुणीतरी येऊन दोन बकेटमध्ये माझा स्विंग सरळ करून टाकला असता, आणि मला बादही.

क्लब वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. चेंडू आणि पातं यांची गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी. या वेळात माणसाला एक गोष्ट आठवणंही कठीण, आणि तुम्ही मला चार दिल्या होत्या. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेनं 1999 मध्ये गोल्फ न खेळलेल्या माणसांना छोटे पिच फटके शिकवले. काहींना आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके जास्त अचूक पडले. पटिंगवर झालेल्या संशोधनातही हेच दिसलं आहे: मुरलेला खेळाडू आपल्या हालचालींचा एकेक तुकडा तपासायला लागला की त्याचा हात बिघडतो. तुम्ही माझं डोकं, कोपर, चवडे, मनगट सगळं सुटं करून माझ्यासमोर मांडलंत आणि निघून गेलात. ते पुन्हा जोडायचं कुणी?

त्या दिवशी मी आणखी दोन बकेट घेतल्या. ती चूक माझी आहे आणि मी ती मान्य करते. रागाच्या भरात एकाच जागी उभं राहून एकच क्लब पुन्हा पुन्हा मारायचा, हा सराव नव्हेच. शेवटच्या बकेटमधले किती चेंडू शंभर यार्डांच्या पाटीपर्यंत पोहोचले, ते मी मोजलं नाही. तळहाताला फोड आला. दोन आठवडे बॅग गाडीच्या डिकीत पडून होती. शनिवारी मैत्रिणींबरोबर नऊ होल खेळायचे ठरले होते, ते पाठ दुखते म्हणून रद्द केले. पाठ दुखत नव्हती.

मी बावन्न वर्षांची आहे. गोल्फकडे वळले ते 7 ऑगस्ट 2021 च्या सकाळी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती आणि या खेळाचा गंध नसलेली आमच्यासारखी असंख्य घरं पहाटेपासून टीव्हीसमोर बसली होती. तिचे ड्राइव्ह इतरांपेक्षा आखूड पडत होते. मग पुढचा फटका ती ग्रीनवर ठेवायची आणि पटर हातात घेऊन हिशेब चुकता करायची. एका फटक्यानं पदक हुकलं, चौथी आली. ताकद कमी असूनही या खेळात बरोबरीनं उभं राहता येतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. संसार, नोकरी, आईचं आजारपण यांतून वेळ काढून पन्नाशीत काहीतरी पहिल्यापासून शिकायला सुरुवात करणं किती नाजूक काम असतं, याची तुम्हाला कल्पना नसावी. तुम्ही तिथे बूट घालून शिरलात.

आता परत कशी आले ते सांगते. तुमच्या सूचनांनी नाही, हे तुम्हाला कळायला हवं.

कोचला सगळं सांगितलं. त्यानं माझा एकही स्विंग बघायला मागितला नाही. मला सरळ पटिंग ग्रीनवर नेलं आणि तीन फुटांवरून वीस पट मारायला लावले. चेंडू भोकात पडल्याचा ठक्क आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ग्रीनच्या कडेला एक टॉवेल अंथरला आणि वेजनं चेंडू त्यावर टाकायला सांगितलं. पोटऱ्या, कोपर, डोकं, कशाचाही उल्लेख नाही. फक्त टॉवेल. तिसऱ्या दिवशी रेंजवर, पण चेंडू वीसच. चेंडूच्या पलीकडे, पात्याच्या टोकापासून दोन बोटं बाहेर त्यानं हेडकव्हर ठेवलं. क्लब पुढे सरकला तर त्याला लागणार. बस, दुसरी काही सूचना नाही. मी अर्ध्या झोक्यानं नाइन आयर्न मारला, वजन तळपायाच्या मध्यावर. हेडकव्हरला धक्का लागला नाही. दुसऱ्या चेंडूलाही नाही. सातव्या चेंडूला लागला, आणि मला आपोआप समजलं की काय झालं. प्रत्येक चेंडूनंतर मागे यायचं, नवं लक्ष्य निवडायचं, मगच पुन्हा उभं राहायचं. वीस चेंडूंना चाळीस मिनिटं लागली.

एक गोष्ट कोचनं तेव्हा सांगितली, ती तुमच्याही कामाची आहे. इयान बेकर-फिंचनं 1991 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. पुढे काही वर्षांत अशी वेळ आली की तो रेंजवर निर्दोष फटके मारायचा आणि पहिल्या टीवर गेला की कोसळायचा. 1997 मध्ये ट्रूनला याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत त्याला 92 फटके लागले आणि त्यानं स्पर्धेतून माघार घेतली. रेंजवर सगळं चांगलं असूनही माणूस मैदानात बुडू शकतो, तर रेंजवर एक सकाळ बिघडली म्हणून मैदानातलं सगळं गेलं असं मानायचं कारण काय? शिवाय रेंज दोन्ही बाजूंनी फसवते. तिथले चेंडू वापरून झिजलेले असतात, कमी जातात. उलट क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला, तर मॅटवरून तो घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच फटका मातीत रुतला असता. त्या रविवारच्या जाळीवरच्या चेंडूंवरून मी स्वतःबद्दल जो निकाल दिला होता, तो रद्द करायला मला तीन आठवडे लागले.

मग एका बुधवारी नऊ होल खेळायला गेले. कॅडी साठीचा होता, आयुष्य याच कामात गेलेला. पहिल्या टीवर माझे हात थरथरत होते, ते त्याला दिसले असणार. तो एवढंच म्हणाला, “मॅडम, बॉलकडं एवढं नका बघत बसू. ते लांब पांढरं घर दिसतंय ना, तिकडं पाठवा.” मी घराकडे पाहिलं. चेंडू सरळ गेला, फार लांब नाही, पण फेअरवेवर. त्यानं बॅग खांद्यावर घेतली आणि चालू लागला. नऊच्या नऊ होलांत माझ्या स्विंगबद्दल तो एक शब्द बोलला नाही. पाचव्या होलला एक शँक झाला. त्यानं झुडपातून चेंडू काढून दिला आणि वेज माझ्या हातात ठेवला. तेवढंच.

गोल्फचा नियम 10.2 तुम्ही वाचला आहे का? स्पर्धेतल्या फेरीत, मैदानावर खेळणाऱ्या दुसऱ्या स्पर्धकाला सल्ला द्यायचा नाही. दिलात तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड. ड्रायव्हिंग रेंजला हा नियम लागू नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो करणाऱ्यांना कळलेलं होतं की खेळणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्याचा आवाज घालणं हा अपराध आहे.

हे पत्र मी माझ्यासाठी लिहिलं नसतं. माझं झालं ते झालं. गेल्या रविवारी मी तुम्हाला पुन्हा पाहिलं. सहाव्या बेमध्ये चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी आहे, डावखुरी, भाड्याचे क्लब घेऊन येते. तिचे वडील बाहेर रिक्षा लावून बाकावर बसलेले असतात. तिचे चार चेंडू एकामागोमाग जमिनीलगत घसरले. ती खाली वाकून मॅटवरचा पाचवा चेंडू नीट ठेवत होती, शांतपणे, ओठ दाबून. आणि तुम्ही तुमचा ड्रायव्हर बॅगला टेकवून ठेवलात आणि तिच्या दिशेनं निघालात.

मी मध्ये येऊन उभी राहिले, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, “मी फक्त मदत करत होतो.” मी म्हणाले, “तिनं मागितली आहे का?” तुम्ही परत फिरलात. तिनं पाचवा चेंडू मारला, तोही घसरला. सहावा उठला. फार नाही, पन्नास-साठ यार्ड. तिनं मागे वळून वडिलांकडे पाहिलं.

येत्या रविवारी मी साडेसहालाच येणार आहे आणि पाचवा बे घेणार आहे. तुमचा नववा आहे. तिथेच राहा.

चौथ्या बेमधली बाई