फुलसावंगीची सीईटी

१० ऑगस्ट २०२१, मंगळवार. मुंबईत उच्च न्यायालयाने अकरावीची सीईटी रद्द केली. त्याच रात्री महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत एका पोराने स्वतःची परीक्षा स्वतःच घेतली.

वय चोवीस, शाळा आठवीत सुटलेली. धंदा वेल्डिंगचा, कपाटं आणि कूलर बनवण्याचा. ‘थ्री इडियट्स’ पाहिला, यूट्यूबवर धडे गिरवले आणि मारुती ८०० चं इंजिन बसवून एकट्यापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं. दोन वर्षं खपला. चाचणीत मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचा घाव त्याच्या डोक्यात बसला. पोरगा गेला.

त्याआधी महिनाही झाला नव्हता, १६ जुलैला दहावीचा निकाल लागला होता. ९९.९५ टक्के! करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, तरी ९५७ जणांना शंभर टक्के. निकाल पाहायला झुंबड उडाली आणि संकेतस्थळ कोसळलं. त्या दिवशी नजरेत भरेल असं नापास झालं ते तेवढंच.

बरं, ती महामारी होती, पोरांचा काय दोष? सोडून देऊ. मग २०२५ चं बघा. रीतसर परीक्षा, निकाल ९४.१० टक्के. साडेचौदा लाख पास आणि अकरावीच्या जागा एकवीस लाखांवर. म्हणजे दर पोरामागे जवळपास दीड जागा. पूर्वी पोरं जागेसाठी रडायची, आता जागा पोरांसाठी रडतात. ज्या भरतात तिथेही बाक रिकामाच. नाव गावाकडच्या कॉलेजात, पोरगं नांदेड-लातूरच्या क्लासात. कॉलेजचं तोंड बघायचं ते प्रॅक्टिकलला.

एवढं करूनही कोणी अडलंच, तर उंबरठाच तासायचा. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तोडगा सुचवला गेला: दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मिळाले तरी अकरावीत जा. फक्त गुणपत्रिकेवर शेरा घ्या आणि पुढे त्या विषयांच्या वाटेला जाऊ नका. हे शाळेपुरतंच असतं तर ठीक. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाचा, नीट-पीजीचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला. जागा रिकाम्या राहता कामा नयेत, बाकी काही रिकामं राहिलं तरी चालेल.

फुलसावंगीच्या पोराचा व्हिडिओ तेव्हा देशभर फिरला. ‘बघा, डिग्रीवाचून काही अडत नाही!’ असं त्याखाली लिहिणारेही होते. त्यातल्या किती जणांनी स्वतःच्या पोराची क्लासची फी थांबवली, ते विचारू नका.

अडत होतं हो. तिथेच तर अडलं! फिरतं यंत्र पहिल्यांदा तपासताना माणूस जवळ ठेवायचा नसतो. ते बांधून, आडोशामागून, दुरून चालवून बघायचं असतं. हे एक वाक्य सांगायला मास्तर लागतो. तेवढ्यासाठीच तर इंजिनिअरिंग कॉलेज नावाची वस्तू काढलेली असते. पण त्या दारात आधी बारावीचं गुणपत्रक लागतं आणि याच्याकडे दाखवायला नुसतं हेलिकॉप्टर. आत बसलेल्यांपैकी किती तरी जण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारातून तयार आणतात, रिपोर्टच्या बाइंडिंगसकट. तो कोणाच्या डोक्यात बसत नाही, कारण तो फिरतच नाही. डोक्यातही शिरत नाही, हा आणखी एक फायदा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं विद्यापीठ अमरावतीचं आणि त्याला नाव गाडगेबाबांचं. बाबा शाळेत गेले नव्हते, पण कीर्तनात परीक्षा घ्यायचे ती सगळ्या मांडवाची. प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. आज उभे राहिले असते तर मांडव असा रंगला असता:

“पोरगं पास झालं?”

“झालं!”

“टक्के किती?”

“नव्वद!”

“अन् येते काय त्याले?”

मांडव चिडीचूप. मग मागून, फुलसावंगीच्या बाजूने, एखादा हलक्या आवाजात बोलला असता, “बाबा, आमच्या एकाले येत होतं. शिकवाले कोनी नव्हतं.”