दापोलीचं मुख्य पीक

दापोली तालुक्याचं मुख्य पीक कोणतं, असं परीक्षेत विचारलं तर 'भात' लिहावं, गुण मिळतात. गावात विचारलंत तर कुणीही सांगेल: खोल्या. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत दोन कॉट आणि चार्जिंगसाठी एक बोर्ड. कृषी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की लावणी, दर महिन्याच्या एक तारखेला काढणी. खत नको, फवारणी नको, तुडतुडे नाहीत, थ्रिप्स नाहीत, वानर तर फिरकतच नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आंबे-नारळीच्या बागा आडव्या झाल्या. खोल्यांचे पत्रे पुन्हा चढले; पडलेल्या हापूसच्या जागी लावलेलं कलम अजून नीट धरतंय. त्या वर्षी कोरोनामुळे पोरंही घरी बसली होती, तेव्हा या पिकालाही एक रोग आहे हे पहिल्यांदा कळलं.

गावाला ही सवय जुनी. इंग्रजांनी इथे छावणी टाकली म्हणून कॅम्प दापोली. छावणी गेली, मग 1965 साली कृषी महाविद्यालय आलं, आणि 18 मे 1972 ला कोकण कृषी विद्यापीठ. गोरे असोत की बीएस्सी ॲग्री, बाहेरून आलेल्याला पोसायचं आणि त्याच्यावर आपण पोसायचं, ही रीत तीच. विद्यापीठाचे पगार झाले की बाजारात मासळीचा भाव चढतो आणि पगार लांबला की किराणावाल्याची वही जाड होते. पाऊस लांबला तर वही जाड होत नाही. शेतकऱ्याला उधार देणं त्यानं केव्हाच बंद केलंय.

खानावळीवाल्या काकींकडे एकदा सांगोल्याचा नवा पोरगा विचारत होता, "काकी, ज्वारीची भाकरी मिळंल का?"

"ज्वारी तुमच्या घाटावर रे बाबा. इथे तांदळाची मिळेल."

"तांदूळ घरच्या शेतातला का?"

"शेतात डुकरं जेवतात. आम्ही दुकानातला कोलम जेवतो."

एवढी सोपी, नेमकी मांडणी मी कुठल्या शोधनिबंधात वाचलेली नाही. तिथून हाकेच्या अंतरावर भाताच्या जातींवर संशोधन करणारी माणसं बसतात. त्यांचं काम चोख आहे. रत्नागिरी आणि कर्जत या नावांमागे आकडे लावून त्यांनी एकाहून एक वाण दिले. रानडुकराला कुठला आवडतो, एवढंच पाहायचं राहिलं.

आता विद्यार्थ्यांच्या शेतीकडे वळू. कीटकशास्त्राला कीटकसंग्रह करावा लागतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली जाळी घेऊन पोरं उड्या मारताना दिसली की नव्या पर्यटकाला वाटतं, गावात काहीतरी साथ आली असावी. हे झालं प्रामाणिक पोरांचं. बाकीचे सीनियरकडून तयार पेटी घेतात. एका पेटीतला गेंड्या भुंगा मी जवळून पाहिला आहे. नारळाच्या शेंड्यात शिरून माडाचं वाटोळं करणारा हा गडी. त्याचा एक पाय फेव्हिकॉलनं चिकटवलेला, पाठीवर टाचणीची भोकं तीन, आणि खालच्या चिठ्ठीवर पकडल्याची तारीख खोडून नवी घातलेली, तीही दोनदा. माड एखादाच मारला असेल बिचाऱ्यानं, पण पोरं किती पास केली! विद्यापीठानं मानद पदवीचा विचार करताना अशा कार्यकर्त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

झेरॉक्सवाल्यांचा हंगाम सत्र संपताना. प्रॅक्टिकल रेकॉर्ड, असाइनमेंट, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ठिबक सिंचनाचे फायदे लिहिलेली पानं इतकी निघतात की त्यांच्या निम्मी जरी ठिबक कोकणात बसली असती तरी मार्चमध्ये टँकर लागले नसते.

मग येतं शेवटचं वर्ष आणि ग्रामीण कार्यानुभव. पोरांचे कृषीदूत होतात, पोरींच्या कृषीकन्या, आणि गावोगावी प्रात्यक्षिकांचा पाऊस सुरू होतो. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण हा ठरलेला कार्यक्रम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. एक टक्क्याचं मिश्रण तयार. मागे फ्लेक्स, पुढे प्लास्टिकची बादली, बाजूला सरपंच. ज्यांच्या वाडीत हे चाललेलं असतं ते तात्या चाळीस पावसाळे हेच मिश्रण मारत आलेले असतात. पोरं मोबाइलमध्ये कृती शोधेपर्यंत तात्या कमरेचा कोयता काढून बादलीत बुडवतात, पात्याला तांबूस पुट चढलेलं बघतात आणि म्हणतात, "चुना घाला अजून." पोरं चुना घालतात. फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी आमच्याच अंकात पान चारवर बातमी येते: 'कृषीदूतांनी शेतकऱ्यांना दिले बोर्डो मिश्रणाचे धडे'. फोटोत तात्या अगदी डावीकडे, अर्धे कापलेले.

पोरांची मला कीव येते. त्यांना शेती करायची नसते, आणि त्यांनी ती करावी असं त्यांच्या शेतकरी बापालाही वाटत नसतं. बापानं सातबारा काढून दिला तो प्रवेशाच्या यादीत जादा गुण मिळावेत म्हणून. त्या उताऱ्यावर आजोबांपासून चुलत्यांपर्यंत इतकी नावं असतात की वाटणीला धड मळाही येत नाही. पण कॉलेजची जागा मात्र येते. कोरडवाहू जमिनीनं इतकं खात्रीचं उत्पन्न दुसऱ्या कशात दिलेलं नाही. पदवी झाली की हीच पोरं गावातल्या अभ्यासिकेत बसतात. एमपीएससी, बँकेचा कृषी अधिकारी, कृषी सेवक, तेही नाही तर तलाठी. म्हणजे पिकवता नाही आलं तर निदान सातबाऱ्यावर शिक्का मारता यावा. जाहिरात निघत नाही तोवर खोलीभाडं चालू. आमच्या मुख्य पिकाला हे दुबार उत्पन्न.

विद्यापीठानं काम केलंच नाही असं कोण म्हणेल? कर्वे, काणे, आंबेडकर अशी तीन भारतरत्नं ज्याच्याशी नातं सांगतात त्या या तालुक्याला त्यानं चौथं रत्नही दिलं, 1981 साली. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबा दरवर्षी फळतो आणि आत साकाही धरत नाही. पुढे 1992 ला सिंधू आला. त्याची कोय इतकी पातळ की चोखायला काही उरतच नाही. पण मुंबईचा पाहुणा गाडीची काच खाली करून एकच विचारतो, "हापूस आहे ना?" त्यामुळे बागायतदार हापूसच लावतो. मग एक वर्ष आंबा येतो तेव्हा भाव नसतो, दुसऱ्या वर्षी भाव असतो तेव्हा आंबा नसतो, आणि दोन्ही वर्षी राखणीला नेपाळी गडी असतो. तो मात्र नियमित पगार घेतो, अगदी रत्नासारखा.

ज्यांना हा हिशेब जमत नाही ते शेवटचं पीक घेतात: जमीन विकतात. मुरुड, कर्दे, आंजर्ल्याच्या बाजूला डोंगर कापून प्लॉट पडलेत. 'समुद्र दिसेल' असं पाटीवर लिहिलेलं असतं. दिसतो, समोरच्याचा बंगला होईपर्यंत. इथे कायदा मात्र शेतकऱ्याच्या बाजूनं खंबीर उभा आहे. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सांगतं की बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुण्याच्या बिल्डरकडे आजोबांचा सातबारा असतो, म्हणून तो शेतकरी. चार वर्षं मातीचे नमुने तपासलेला, कलमं बांधलेला, गेंड्या भुंग्याची सहा पायांसकट आकृती काढणारा, पण बाप एसटीत कंडक्टर असलेला बीएस्सी ॲग्री हा कायद्यानं शेतकरी नव्हे.

तेव्हा सरकारला एकच विनंती. कर्जमाफी, अनुदानं, समित्या काय द्यायच्या त्या द्या. पण पुढच्या पदवीदान समारंभापासून कृषी पदवीधराला शेतकरी समजण्यात यावं, निदान जमीन विकत घेण्यापुरतं. पिकवायची की प्लॉट पाडायचे, ते त्याचं तो बघेल.