कामोठ्यात जुनी गाडी पाहण्याचा विधी

कामोठ्यात सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची तर आधी माणसे जमवावीत. एक मेहुणा, ज्याने कधीकाळी जुनी वॅगनआर घेतली होती आणि जो त्यावर अजून बोलतो. वरच्या मजल्यावरचे काका, जे बॉनेट उघडल्यावर फक्त "हं" म्हणतात. जमल्यास एक मेकॅनिक. न जमल्यास काकांवर भागवावे.

विक्रेत्याचे सगळे आदराने ऐकावे. गाडी डॉक्टरांची असते, सिंगल हँड असते आणि फार तर अलिबागपर्यंत गेलेली असते. महाराष्ट्रात इतके डॉक्टर नाहीत, पण वाद घालू नये. "2018 ची पेट्रोल ब्रेझा" म्हणाला, तर मात्र चहा संपवून उठावे. मार्च 2016 मध्ये आलेली विटारा ब्रेझा फक्त डिझेलवर होती. पेट्रोल इंजिन आले ते 2020 मध्ये, आणि तेव्हा डिझेल गेले.

मग मुक्या साक्षीदारांकडे वळावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मीटर 22 हजार किलोमीटर सांगतो आणि ब्रेक पेडलचे रबर मात्र देवळाच्या पायरीसारखे झिजलेले, तर रबरावर विश्वास ठेवावा. आता ड्रायव्हरचा सीटबेल्ट सावकाश, शेवटपर्यंत ओढावा. वरचा पट्टा स्वच्छ निघतो. आत गुंडाळलेल्या टोकाशी चिखलाची करडी रेघ दिसली, की गाडी पुरात बसून आली आहे असे समजावे. सीट कव्हर नवे घालतात, कार्पेट धुतात, पट्ट्याचे हे टोक सगळे विसरतात. काका इथे दोनदा "हं" म्हणतील.

कागदांत मौज नाही, पण फसवणूक तिथेच असते. नंबर एमएच 46 असेल तर गाडी पनवेलची. एमएच 12 असेल तर पुण्याच्या आरटीओची एनओसी मागावी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र हवे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. जुनी ई-चलाने आधी तपासावीत, नाहीतर डॉक्टरांचा वेग नव्या मालकाला भोवतो. नो क्लेम बोनस मात्र जुना मालक सोबत घेऊन जातो.

शेवटी पार्किंगचे माप. ब्रेझाची लांबी 3,995 मिलिमीटर. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी, म्हणून अशा गाड्या इतक्या काटेकोर मापाच्या. रुंदी मात्र 1,790, आणि सोसायटीचा खांब कराकडे पाहत नाही. काका टेप लावतात, चष्मा वर करतात आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलतात: "आरसे मिटले तर बसेल."